काही नाही खाल्लंन

रत्नागिरीतला कुत्रा काही खात नाही. मी या गावात इतकी वर्षं जनावरांची डॉक्टर आहे, आधी सरकारी दवाखान्यात आणि निवृत्त झाल्यावर मांडवीला घराच्या खालच्या खोलीत, पण काही खाऊन आजारी पडलेला कुत्रा माझ्याकडे आजवर कोणी आणलेला नाही. सगळे न खाताच आजारी पडतात. कुत्रा टेबलावर ओकत असतो, ओकारीत शेवया दिसत असतात, आणि मालक माझ्याकडे सरळ बघत सांगतो, "काही नाही खाल्लंन, बाई."

सुरुवातीला मला वाटायचं की लोक खोटं बोलतात. माझा स्वभाव तापट, त्यामुळे मी ओरडायचे. "मग या शेवया काय तुम्ही ओकलात?" असं मी एका सद्गृहस्थांना विचारलं होतं, आणि त्यानंतर ते आपली म्हैससुद्धा माझ्याकडे आणेनासे झाले. पुढे हळूहळू लक्षात आलं की खोटं कोणीच बोलत नाही. आपल्याकडे खाणं म्हणजे भात, आणि भातावर जे काही ओतायचं ते. बाकीचं खाण्यात धरत नाहीत. चहा घेतात. बिस्किट चहाबरोबर असतं. भजी तोंडात टाकतात. फणसाचे गरे येता-जाता होतात. पेढा हातावर ठेवतात, आणि पुढे त्याचं काय होतं हे कोणी बोलत नाही. त्यामुळे "काय खाल्लं?" या माझ्या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर असायचं.

माणसांच्या डॉक्टरला याची कल्पना येणार नाही. त्याचा पेशंट स्वतः बोलतो. आमचा पेशंट बोलत नाही आणि जो बोलतो तो पेशंट नसतो. कॉलेजात आम्हाला शरीरशास्त्र शिकवलं, औषधं शिकवली, प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं नाही. ते मी रत्नागिरीत शिकले. मी क्रियापदं बदलून बदलून विचारते. जेवला का? चाटलंन का? कोणी भरवलं का? जमिनीवर काय सांडलं होतं? पोरांनी खिडकीतून काय टाकलं? घरात कोणाचा वाढदिवस झाला? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा घरातलं एखादं माणूस छताकडे बघायला लागतं. म्हणजे चॉकलेटचा केक होता. चॉकलेटमधलं जे द्रव्य आपल्याला तरतरी आणतं तेच कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि त्याचं काळीज धावत सुटतं. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. हे सांगितलं की लोक म्हणतात, "पण त्याला आवडतं." त्याला माझ्या स्कूटरचं सीटही आवडतं.

कांद्याची गोष्ट याहून अवघड, कारण कांदा कोणाला दिसतच नाही. आमच्या मांडवीतल्याच एक बाई आपला कुत्रा घेऊन आल्या. कुत्रा धापा टाकत होता आणि हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. "आम्ही जे जेवतो तेच त्याला देतो हो, दुजाभाव नाही," असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. म्हणजे रोज कालवणभात, आणि कालवणाला कांदा-लसणीचं वाटण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका दिवसात नाही, रोज थोड्या थोड्या. मी वाटण बंद करायला सांगितलं. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग त्याला चव काय लागणार?" कुत्रा सुधारला. बाईंना मात्र मी क्रूर वाटते, हे त्यांच्या नमस्कारावरून कळतं.

आणि एक प्रकरण आंब्याचं. ते सांगितल्याशिवाय रत्नागिरीचं काही लिहिलं असं होणार नाही. एका मोठ्या बागायतदारांचा कुत्रा पोट ताठ करून आला. खाल्लं अर्थातच काही नव्हतं. पोट चाचपल्यावर हाताला एक टणक वस्तू लागली. मी म्हटलं, आतड्यात आंब्याची बाठ, म्हणजे कोय, अडकली आहे. बागायतदारांना ते अजिबात पटलं नाही. त्यांचा आंबा परदेशात जातो, तिथले लोक तपासून घेतात, त्याच्यात दोष निघूच शकत नाही, असं ते मला समजावून सांगत राहिले. मी ऑपरेशन केलं आणि बाठ ट्रेमध्ये ठेवून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, बाठ बोटाने उलटीपालटी केली, तिचे केस पाहिले. मग त्यांचा चेहरा खुलला. "ही रायवळाची," ते म्हणाले. "आमच्या बागेत रायवळाचं एक झाड नाही." कुत्रा जगणार का हे त्यांनी त्यानंतर विचारलं. जगला. आजही ते सगळीकडे सांगतात की त्यांच्या हापूसने कोणाला काही झालेलं नाही.

सगळे जगले असं मात्र नाही. एका घरात कोणीतरी सांगितलं होतं की कुत्र्याला साखर चांगली नसते. म्हणून त्या भल्या माणसांनी मुलीने परदेशातून आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या त्याला दिल्या. सगळ्याच बिनसाखरेच्या गोष्टींत असतं असं नाही, पण त्यांत झायलिटॉल नावाचं एक गोड द्रव्य होतं. माणसाला ते काही करत नाही. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने धाडकन खाली येते. ते आले तेव्हा त्याला झटके येत होते, आणि मी शिरेत सुई घालेपर्यंत तो गेला. छोटा, पांढरा कुत्रा होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. हे सगळे कुत्रे लाडाने आजारी पडतात. उपाशी, उकिरड्यावरचे कुत्रे माझ्याकडे गाडीखाली सापडून येतात. विषबाधा होऊन येतात ते घरचे.

आता रघूचं सांगते.

मालगुंडला एक निवृत्त शिक्षक आहेत. हायस्कुलात गणित आणि संस्कृत शिकवायचे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या मुलाने मुंबईच्या फ्लॅटमध्ये लॅब्राडॉर पाळला होता. पुढे त्याच्या घरी बाळ आलं, आणि कुत्रा मालगुंडला आई-वडिलांकडे आला. नाव रॉकी. तात्यांनी हा शब्द उच्चारायला नकार दिला आणि त्याचा रघू केला. कुत्र्याची हरकत नव्हती.

एका संध्याकाळी बिबट्याने रघूला पडवीतून उचलला. गळ्यात मुंबईचा जाड पट्टा होता म्हणून दात पुरते रुतले नाहीत. तात्या पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर येत होते. त्यांनी ते पाण्यासकट बिबट्याला फेकून मारलं. बिबट्या गेला आणि घमेल्याला पोचा आला. मी रघूच्या मानेला टाके घालत होते तेव्हा तात्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होते. नंतर कळलं की नवस बोलत होते. रघू वाचला तर सत्यनारायण घालीन.

रघू वाचला. टाके निघाले, श्रावण आला, पूजा ठरली. मला बोलावणं होतं, पण लसीकरणामुळे जाता आलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी तात्या रिक्षातून माझ्या दारात उतरले. रघूला त्यांनी आणि रिक्षावाल्याने मिळून उचललं होतं, आणि तात्यांच्या दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. टेबलावर आधी त्यांनी डबा ठेवला. "तुमचा प्रसाद," म्हणाले. मग कुत्रा ठेवला.

रघूने मान उचलली नाही. तोंडाला एक विशिष्ट वास येत होता. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो, तो मूत्रपिंडं बंद पडल्याचा वास असतो.

"उलट्या?"

"परवापासून."

"लघवी?"

"लघुशंका काल दुपारनंतर नाही," तात्या म्हणाले.

पावसाळ्यात आमच्याकडे असा कुत्रा आला की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे उंदराच्या मुतातून येणाऱ्या तापाचा. पण रघूला त्याची लस मीच दिली होती. माणसांच्या लॅबमध्ये रक्त पाठवलं. लॅबवाल्याचा फोन आला, "बाई, आकडा फार चढलाय. पेशंटला ॲडमिट कुठे केलंय?" म्हटलं, टेबलाखाली.

सलाइन लावलं आणि माझे प्रश्न सुरू केले. जेवला का? नाही. चाटलंन का? नाही. उंदराचं औषध? घरात आणतच नाही. वाढदिवस? "आमच्याकडे तिथीने असतात, आणि सध्या कोणाची तिथी नाही." पूजेच्या दिवशी काय झालं?

"पूजा होईपर्यंत त्याला उपास होता."

"कुत्र्याला?"

"नवस त्याच्यासाठी होता," तात्या म्हणाले. त्यांच्या तोंडावर रेषसुद्धा हलली नाही.

मी सकाळपासून उपाशी होते. प्रसाद नाकारायचा नसतो आणि भूकही लागली होती, म्हणून डबा उघडला. शिरा उत्तम होता, केळं आणि तूप सढळ हाताने घातलेला. दुसऱ्या चमच्याला दाताखाली बेदाणा आला. मी थांबले आणि डब्यात नीट बघितलं. बेदाणे खच्चून होते. मुलाने पूजेसाठी मुंबईहून आणलेले, मोठे मोठे. भाषेतली सगळी क्रियापदं माझी वापरून झाली होती, एक सोडून.

"तात्या, रघूने प्रसाद घेतला?"

तात्यांना या प्रश्नाचा राग आला. "म्हणजे काय? पूजा कोणासाठी होती?"

मग सगळं सरळ बाहेर आलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आरती झाल्यावर पहिला द्रोण रघूला. उरलेला प्रसाद टाकायचा नाही, म्हणून तो फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी रघूने उलटी केली, म्हणून तात्या रोज आंघोळ करून त्याला चमचा चमचा प्रसाद देऊ लागले. तो मलूल झाला तसे दोन चमचे. "आज सकाळी तोंडच उघडेना, तेव्हा बोटाने टाळूला लावला." कुत्रा जितका बिघडत गेला तितका प्रसाद वाढत गेला.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारक आहेत. असं का, हे आम्हालाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. आता त्यातल्या टार्टरिक आम्लावर बोट ठेवतात. फसवं इतकं, की एखादा कुत्रा मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतो आणि दुसरा थोडक्यातच जातो. म्हणून प्रत्येक गावात "आमचा तर रोज खातो" असं सांगणारा एकजण असतो. खाल्ल्या खाल्ल्या आणलं तर ओकवून सोडवता येतं. ती वेळ केव्हाच गेली होती.

हे तात्यांना सांगणं मला जड गेलं. मी एरवी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी शब्द जुळवत बसले. शेवटी जे होतं ते सांगितलं.

"प्रसादाने कोणी मरत नाही," तात्या म्हणाले.

"प्रसादाने नाही. बेदाण्यांनी."

"बेदाणे प्रसादात होते."

गणिताच्या शिक्षकापुढे माझं काही चाललं नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत घातला, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

"बिबट्याच्या तोंडातून काढला मी त्याला," ते म्हणाले.

"हो."

"आणि मग हे."

"अजून काही झालेलं नाही, तात्या."

"आता काय करायचं?"

"तो मुतायची वाट बघायची."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "लघुशंका."

"तेच."

मी त्यांना समजेल असं सांगितलं. सलाइन आत जातंय. मूत्रपिंडं जागी झाली तर पाणी विषासकट बाहेर येईल. जागी झाली नाहीत तर तेच पाणी अंगात साठेल, छातीत चढेल, आणि मला सलाइन बंद करावं लागेल. मग काही उरत नाही. कुत्र्याचं रक्त यंत्राने धुतात ती सोय मुंबईला, आणि तेवढा रस्ता रघूला झेपणारा नव्हता. लघवीचं इंजेक्शन दिलं होतं, मूत्रमार्गात नळी घालूनही पाहिली होती. मूत्राशय कोरडं.

तात्या घरी गेले नाहीत. माझ्या दवाखान्याच्या फरशीवर गोणपाट टाकून रघूचं डोकं मांडीवर घेऊन बसले. घरून काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, सारखा फोन यायचा. त्या एकच विचारायच्या, "झाली का?" तात्या एकच सांगायचे, "नाही." एवढंच कानावर पडलेली इतर गिऱ्हाइकं गोंधळायची. एका बाईंनी मांजर आणलं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं की सूनबाई बाळंत व्हायची आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी वर माझ्याकडे आंघोळ केली आणि घरून मागवलेला धुतलेला पांढरा लेंगा घालून पुन्हा गोणपाटावर येऊन बसले. ते रघूच्या कानाशी काहीतरी म्हणत होते. मला वाटलं स्तोत्र. जवळ गेले तर पावकी. पाव, अर्धा, पाऊण, एक. एका लयीत, वर्गात म्हणायचे तशी.

"स्तोत्र म्हटलंत तरी चालेल," मी म्हटलं. "दवाखान्यात मनाई नाही."

"तिकडे सध्या बोलणं बंद आहे," तात्या म्हणाले, आणि पुन्हा पावकी सुरू केली.

दुपारी मी रघूच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. खाली बारीक बुडबुडल्यासारखं ऐकू आलं. फार नाही, पण कालच्यापेक्षा जास्त. मी सलाइनचा वेग कमी केला. तात्यांनी ते पाहिलं. सलाइन आता फार वेळ चालू ठेवता येणार नव्हतं, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगायला हवं होतं. ते मालकाच्या बरोबरीने बसून सांगायचं असतं, म्हणून मी स्टूल ओढलं. घसा साफ केला.

"तात्या, ऐका. मी जे करता येतं ते केलंय."

तात्यांनी हात वर केला. वर्गात मागच्या बाकावरच्याला गप्प बसवायला शिक्षक हात वर करतात, तसा. मला राग आला. माझं बोलणं कोणी तोडलेलं मला चालत नाही.

"तात्या, हे तुम्हाला ऐकावंच लागेल."

"बाई, हलू नका," ते अगदी हळू म्हणाले. "त्याचं होऊ दे."

मी खाली बघितलं. रघूची मागची तंगडी तात्यांच्या मांडीवर होती आणि पांढऱ्या लेंग्यावर एक पिवळा डाग पसरत होता. आधी बशीएवढा, मग गुडघ्यापर्यंत, मग गोणपाटावर. वास चांगला नव्हता. तात्या सोवळ्यातले, घरी गेल्यावर दोनदा पाय धुणारे. ते जराही सरकले नाहीत. मांडी थोडी सैल केली, त्याला सोपं जावं म्हणून.

मी स्टुलावरून उठले ती थेट फरशीवर बसले. पिचकारी घेऊन नमुना घ्यायला हवा होता, ते मला सुचलं नाही. मी रडत होते, आणि माझ्या हातातला स्टेथोस्कोप रघूच्या पाठीवर पडला होता.

तेवढ्यात फोन वाजला. तात्यांचे दोन्ही हात रघूखाली होते, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला लावला. काकूंनी तोच प्रश्न विचारला. मालगुंडच्या हायस्कुलात आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या त्या माणसाने फोनकडे तोंड वळवलं.

"मुतलान गो," तात्या म्हणाले. "मुतलान."